अकराव्या पानावरची आई

तिसरीत होते मी. कांजूरमार्गला, पालिकेच्या शाळेत. एका कंपनीने वर्गाला फुकट पुस्तकं वाटली होती. बाईंनी अकरावं पान उघडायला लावलं. 'आपले मदतनीस'. डॉक्टर, पोस्टमन, पायलट, आणि खाली कोपऱ्यात झाडूवाली. तिच्या कपाळावर गोंदण, हनुवटीवर तीळ, डावी भुवई मधेच तुटलेली. ती माझी आई होती.

बाईंनी पण ओळखलं. "अगं, ही तर तुझी आई. उभी राहा. टाळ्या वाजवा रे सगळे."

मधल्या सुट्टीत वर्गातल्या एकीने माझ्यासमोर केळ्याची साल टाकली. "उचल ना, मदतनीस." मी उचलली. तिने टाकली यापेक्षा मी उचलली, हे आजही जास्त झोंबतं.

आई झाडूवाली नव्हती. झाडूत कमीपणा आहे असं मी म्हणत नाही. माझी मावशी पालिकेत सफाईला होती आणि आमच्या वस्तीत तिच्याशी वाकड्यात जायची कुणाची टाप नव्हती. पण आई पुस्तकं शिवायची. त्याच कंपनीची, घाटकोपरच्या एका गाळ्यात. छापून आलेल्या मोठ्या कागदांना घडी घालायची, पानं क्रमाने लावायची, सुई-दोऱ्याने शिवायची.

कंपनी तेव्हा लहान होती. चित्रासाठी बाहेरची माणसं परवडायची नाहीत, घरचीच चित्रकारासमोर बसवायचे. डॉक्टर म्हणजे मालकांची बायको. पायलट त्यांचा भाऊ. झाडूवाली हवी होती तेव्हा गाळ्यात सात बायका होत्या. मालकांनी हजेरीवही उघडली, आडनावं वाचली आणि आईला उठवलं. काय म्हणाले ते आईने मला नंतर जसंच्या तसं सांगितलं. "तुम्हाला शोभेल हो. तुमच्याकडे असतंच ना हे."

साल उचलली त्या दिवशी मी रडत घरी गेले. म्हटलं, या पानाला घडी तूच घातलीस ना, मग तुला दिसलं नाही?

"दिसलं गं. घडी सरळ बसते का, तेवढं बघितलं."



कंपनी वाढली. एका गाळ्याचे तीन झाले, मग अंधेरीला काचेचं ऑफिस आलं. इंग्रजी आवृत्ती निघाली, गुजराती निघाली, भिंतीवरचे तक्ते निघाले. डॉक्टरबाई बदलली. आई तीच राहिली. साडीचा रंग तेवढा बदलायचे, झाडू तोच.

आई गेली. मी शिकले आणि त्याच कंपनीत चिकटले. पुस्तक बाहेर जाण्याआधी शेवटचं तपासून सही करायची, हे माझं काम. सगळे म्हणाले, झकास झालं. मलाही वाटलं. घरात आईचा एक धड फोटो नाही. तिचा चेहरा बघायचा तर मला अकरावं पान उघडावं लागतं. लाज वाटते, तरी उघडते.

गेल्या महिन्यात तेच पुस्तक मोबाईलवर आलं, तपासायला. मी अकराव्या पानावर बोट टेकवलं. आईचा हात हलला. झाडू सरकला. कुणा कोवळ्या पोरीच्या आवाजात आई म्हणाली, "मी कचरा काढते. मी तुमची मदतनीस." परत टेकवलं. परत तेच. मेल्यावरही तिला सुट्टी नव्हती, आणि तिला कामाला लावणारं बोट माझं होतं. आता भाजी चिरताना, बसच्या रांगेत, कुठेही तो आवाज कानात येतो. मला भीती वाटते, आईचा खरा आवाज मी विसरेन.

मालकांचा मुलगा आता साहेब आहे. त्याला सगळं सांगितलं. तो हसला. "अगं, लकी आहेस यार. घराघरांत पोचली तुझी आई. डॉक्टर तर माझी मम्मी होती, आम्ही कधी काही बोललो?"

"मग त्यांना बदललं का?"

"मम्मीला नाही आवडलं. बोलली, काढा. काढलं."

एका शब्दावर काढलं.

"मग आता मी बोलतेय," मी म्हटलं. "काढा. आईच्या हातातला झाडू काढा."

"उद्या सही पाहिजे," म्हणाला आणि मोबाईलमध्ये तोंड घातलं.

कागद माझ्या टेबलावर आहे. सहीच्या जागी मी लिहिलंय, 'या बाईंनी हे पुस्तक शिवलं. हातात सुई-दोरा द्या, खाली त्यांचं नाव छापा. तोवर सही नाही.' नोकरी जाईल बहुतेक. घराचे हप्ते आहेत, वाट लागेल. लागू दे.

साल मी एकदा उचलली. तेव्हा आठ वर्षांची होते. आता उचलणार नाही.