मंगळवाल्या बाई

सिंदी रेल्वेच्या आमच्या वाचनालयात मंगळावरच्या आणि परग्रहांवरच्या कादंबऱ्यांचं एक वेगळं कपाट होतं. त्यातल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेला एक शेरा असे. 'काचेचं शहर छान. पण तिथं भांडी कोण घासतं ते लेखकाने सांगितलेलं नाही.' 'या मंगळावर कोणी म्हातारं होत नाही. पटलं नाही.' 'यंत्रमानव चांगला आहे, त्याचा मालक नाही.' कोणी पान दुमडलं तरी फाडफाड बोलणाऱ्या आमच्या ग्रंथपाल बाई स्वतः मात्र पुस्तकावर खुशाल लिहीत. विचारलं तर म्हणत, "मी पुस्तक खराब नाई करून राह्यली, लेखकाले उत्तर देऊन राह्यली."

त्यांना सगळं गाव मंगळवाल्या बाई म्हणे. त्याचं कारण त्या स्वतःच हसत सांगत. त्यांच्या पत्रिकेत मंगळ होता आणि त्यापायी दोनदा जमलेलं लग्न मोडलं. वडील शाळामास्तर, मवाळ माणूस, ते खचले. बाई खचल्या नाहीत. त्या वाचनालयात गेल्या आणि ग्रहताऱ्यांवरचं जे मिळेल ते घेऊन आल्या. "ज्याच्यापायी एवढी भानगड झाली, तो आहे तरी कसा, म्हटलं पाहावं. तर पृथ्वीच्या अर्धाच निघाला रे तो! थंडगार, धुळीनं भरलेला. त्याले कुठं सवड माह्या लग्नात लुडबुड कराले?" पुढे त्याच वाचनालयात त्यांना नोकरी लागली आणि कपाट भरत गेलं.

माझं हार्डवेअरचं दुकान वाचनालयाच्या समोरच आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी पुस्तक बदलायला जाई. बाई पुस्तक असं सुखासुखी देत नसत. आधीच्या पुस्तकाबद्दल दोन प्रश्न विचारत आणि उत्तर पोकळ वाटलं तर म्हणत, "पुन्हा वाच, मंग येजो." परग्रहावरून कोणी आल्याच्या गोष्टींवर त्यांचा विशेष राग होता. "इतक्या लांबून कोनी आलं, तर हे लोक पहिले बंदूकच काऊन काढते? त्याले तहान लागली असंल, हे एकालेही सुचत नाई!" यंत्रमानवाच्या गोष्टीत माणूस ओळखायची परीक्षा असे, खरा असेल त्याच्या डोळ्यांत पाणी येतं वगैरे. बाईंना ती मान्य नव्हती. "रडू तर कोनालेही येते. दुसरा रडत असला तर हा त्याच्यापाशी जाऊन बसते का, ते पाह्यजो."

मी मान डोलावत असे. मला वाटे, आपल्याला सगळं समजलं.

एका उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होत्या. अशातच एका दुपारी स्टेशनकडून एक अनोळखी बाई आली. तिशीची असेल. हातात रिकामी बाटली, पायांत चप्पल नाही. रस्त्यावर पडून रडणाऱ्या एका लहान मुलीला तिने उचललं आणि कडेवर घेतलं. तेवढं पुरलं. मुलीच्या आईने किंचाळून मुलगी ओढून घेतली आणि पाच मिनिटांत त्या अनोळखी बाईभोवती तीस-चाळीस माणसं जमली. नाव काय, गाव कोणतं, हिंदीत, मराठीत, ओरडून विचारणं सुरू झालं. ती काहीतरी बोले, पण एक शब्द कोणाला कळत नव्हता. "नाटक करून राह्यली," कोणीतरी म्हणालं. तिचा पदर कोणीतरी ओढला.

हे सांगायला मला आजही जड जातं, पण त्या घोळक्यात मी होतो. नुसता उभा नव्हतो. "पोलिसांले मंग बोलवू, पहिले हिले बोलती करू," हे वाक्य माझं होतं.

मंगळवाल्या बाई वाचनालयातून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. गर्दीतून वाट काढत त्या आत शिरल्या आणि भर उन्हात त्या बाईसमोर जमिनीवर बसल्या. ती घटाघटा पाणी प्यायली. मग आमच्या बाईंनी तिचा हात धरून तिला उठवलं आणि वाचनालयाकडे चालू लागल्या. दोघं-तिघं आडवे आले. बाईंनी दुसऱ्या कोणाकडे पाहिलं नाही, नेमकं माझ्याकडे पाहिलं.

"तू तर माह्याकडून अर्धं कपाट वाचून काढलं ना रे? मंग काय वाचलं तू त्याच्यात?"

मी बाजूला झालो. मी झालो म्हणून माझ्या शेजारचाही झाला. वाट मिळाली.

बाईंनी पोलिसांना स्वतः फोन केला आणि दार उघडंच ठेवलं. मी दुकान तसंच टाकून आत गेलो. बाईंनी तांब्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "पाणी." तिनेही तांब्याला बोट लावलं. मग म्हणाली, "दाक." बाईंनी ते वहीत लिहिलं. घराचं चित्र दाखवलं, "ओडाक." लहान मुलाचं चित्र दाखवलं तेव्हा शब्द सांगताना तिला रडू फुटलं. बाई सरकून तिच्या बाजूला बसल्या. शब्द जमत होते, पण भाषा कोणती ते कळेना. मला एक सुचलं. मोबाईलवर मी एकेका भाषेतली गाणी लावत गेलो. बंगाली, उडिया, गोंडी; ती नुसती ऐकत होती. संथाली गाणं लागलं तशी ती ताठ बसली आणि पुढची ओळ तिनेच म्हटली.

पुलगावला नोकरी करणारा झारखंडचा एकजण पूर्वी सिंदीत असताना माझ्या दुकानातून सामान नेत असे. त्याला फोन लावला. तो तिच्याशी संथालीत बोलू लागला आणि ती ढसाढसा रडली. नवऱ्याबरोबर ती कामासाठी मुंबईकडे निघाली होती. गाडी आमच्या स्टेशनाजवळ सिग्नलला थांबली, ती पाणी भरायला उतरली आणि गाडी सुटली. तिची स्वतःची मुलगी गावी आजीजवळ होती, रस्त्यावरच्या त्या पोरीएवढीच. पोलीस आले, रेल्वेत निरोप गेले. नवरा बडनेऱ्याला उतरून वेड्यासारखा तिला शोधत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, तेव्हा ती बाईंच्या घरी त्यांच्यासोबत चहा पीत बसली होती. ज्या आईने मुलगी ओढून घेतली होती, तीच शिदोरी बांधून स्टेशनवर आली.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि भाचीकडे चंद्रपूरला जायला निघाल्या. सामान चढवायला मी गेलो होतो. इतकी वर्षं जीभ उचलली नव्हती, ती त्या दिवशी उचलली. म्हटलं, "बाई, त्या दिवशी तिले बोलती करू म्हणणारा मीच होतो."

"माहीत आहे मले. तुहा आवाज मी नाई ओळखणार?" त्या म्हणाल्या. "अन् दुकान उघडं टाकून संध्याकाळपरेंत गाणे लावत कोन बसलतं, तेही माहीत आहे. दोन्ही तूच. आता कोनता राह्यचं ते तू पाह्य."

पाच महिन्यांनी भाचीचा फोन आला. बाई झोपेतच गेल्या.

माझ्या दुकानात आता बाहेरून कामाला आलेली माणसं पुष्कळ येतात. वस्तूचं नाव सांगता येत नाही म्हणून दारातच घुटमळतात. मी काउंटरची फळी वर करतो आणि त्यांना आत बोलावतो. परवा असाच एकजण आला. फळ्या धुंडाळत त्याने बिजागरी उचलली आणि त्याच्या भाषेतलं तिचं नाव सांगितलं. मी ते म्हणून पाहिलं, चुकलं. तो हसला आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं करून त्याने मला पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा मला ते बरोबर जमलं.