गरम पडणारी गोळी

आमच्या घरात कुठलीही गोळी एकटी पोटात जात नाही. तिच्यासोबत काहीतरी थंड जावं लागतं, हा माझ्या सासूबाईंचा कायदा. डॉक्टरची औषधं सगळी गरम, आणि औषध जितकं जहाल तितकं ते जास्त गरम, असं त्यांचं साधं गणित. स्वतःची रक्तदाबाची गोळीसुद्धा त्या आमसुलाच्या पाण्याबरोबर घेतात. लग्न होऊन आले तेव्हा मी हसले होते. पुढे मलाही सवय लागली.

नवऱ्याचं कसालला वेल्डिंगचं दुकान आहे, पण लावणीच्या दिवसांत तो दुकानाला कुलूप घालून भाताच्या कुणग्यांत, शेताच्या बांधबंद तुकड्यांत, उतरतो. टाचांना ह्या एवढ्या भेगा पडलेल्या. गमबूट घाल म्हटलं की म्हणणार, चिखलात रुततात. त्या वर्षी लावणी आटपली आणि त्याला ताप भरला. पोटऱ्या अशा दुखायच्या, की चादर लागली तरी कण्हायचा. डोळे लालबुंद. कसालच्या डॉक्टरांनी डोळे बघितले, पोटऱ्या दाबल्या आणि मला म्हणाले, "लेप्टो असू शकतो. रिपोर्टची वाट बघत बसायला नको, कॅप्सूल आजच सुरू करा. बऱ्याच प्रकारच्या जंतूंवर चालते ही. सकाळ-संध्याकाळ, रिकाम्या पोटी नको, वर भरपूर पाणी."

आमच्याकडे लेप्टो म्हटलं की माणसं आवाज खाली करतात. उंदराच्या मुतातून शेतातल्या पाण्यात येणारा हा आजार कुणाकुणाला घेऊन गेला, ते प्रत्येक वाडीला ठाऊक असतं. मी कणकवलीला कॉलेजच्या ऑफिसात कामाला. नेमके ॲडमिशनचे दिवस, रजा मिळेना; दोन्ही डोसांच्या वेळी मी घराबाहेर. सगळ्या कॅप्सूल सासूबाईंच्या हातात दिल्या आणि डॉक्टर म्हणाले ते सांगितलं. त्यांनी त्यातलं 'रिकाम्या पोटी नको' एवढंच धरून ठेवलं, हे मला कुठे कळायला!

दिवसभर माझं लक्ष फोनकडे. तीनदा फोन केला तर तीनदा त्या उचलायच्या.

"गोळी घेतल्यान?"

"घेतल्यान गो. तू आपला काम कर."

"आणि ताप?"

"आसा. उतरतलो."

उतरत नव्हता. घरी आले की आधी त्याचे डोळे बघायचे, मग कपाळाला हात लावायचा, मग लघवी किती वेळा झाली ते विचारायचं. तो चिडायचा. मीही चिडायचे. गोळी वेळेवर जातेय, सासूबाई घड्याळाला हार जाणाऱ्या नाहीत, मग गुण का येत नाही? देवघरासमोर उभी राहिले तरी मनात लघवीचाच हिशेब. एका सकाळी ती अगदीच थोडी झाली, आणि रंग कोऱ्या चहासारखा. डोळ्यांत आता पिवळं दिसत होतं. शेजाऱ्यांची गाडी काढायला लावली आणि त्याला कणकवलीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मधे डोस चुकले का?" मी रिकामी पाकिटं पुढे केली, जरा तोऱ्यातच. एकही चुकला नव्हता.

"कशाबरोबर घेत होता?"

हा काय प्रश्न, असं मला वाटलं. नवरा खाटेवरून पुटपुटला, "दूध. आणि ॲसिडिटीचा पांढरा औषध. आये देता, पोटात आग पडाक नको म्हणान."

बाईंनी पाकिटं बाजूला ठेवली. "दूध, आणि त्याहून जास्त ते ॲसिडिटीचं औषध, ह्या कॅप्सूलला पोटातच धरून ठेवतं. रक्तात फार थोडी पोचते. आजार मुळात जोराचाही असेल, नक्की सांगता येणार नाही. पण कॅप्सूलची हवी तेवढी मदत झाली नाही."

सलाईनमधून इंजेक्शनं सुरू झाली. किडनीचा आकडा वर चाललाय, कदाचित पुढे कोल्हापूरला हलवावं लागेल, असं ऐकून मी घरी कपडे आणायला निघाले. एसटीत बसून वाटभर वाक्यं धारदार करत होते. तुमच्या मायेनं माणूस जाईल. डॉक्टरपेक्षा तुम्हांला जास्त कळतं का? एकेक वाक्य मनात घोळवत होते आणि त्यातच मला धीर येत होता, हे लाजिरवाणं आहे पण खरं आहे.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. डोक्याला तेल नाही, केस पिंजारलेले. "डॉक्टर काय म्हणालो गो?"

मी एवढंच म्हटलं, "डॉक्टरीण म्हणाली, औषध कमी पडला."

"बघ! म्हणजे माझ्या दुधावरच एवढे दिवस तरलो तो."

मी कपडे पिशवीत कोंबले. रागानं की रडू येत होतं म्हणून, मला आजही सांगता येत नाही.

कोल्हापूरला जायची वेळ आली नाही. आकडा हळूहळू उतरला आणि त्याला घरी सोडलं, तेव्हा बाईंनी थोडे दिवस तीच कॅप्सूल लिहून दिली. "पुन्हा रक्त तपासू. किडनी सावरतेय, आता मात्र हयगय नको."

संध्याकाळी मी कॅप्सूल काढली, तर सासूबाई एका हातात दुधाचा पेला आणि दुसऱ्या हातात ती पांढरी बाटली घेऊन आल्या. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू. मी नवऱ्याकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता. आईपुढे हा माणूस कधी तोंड उघडणार नाही.

"आये, दूध नको," मी म्हटलं. "ता औषधय नको. तेच्यामुळे गोळी रगतात जायच नाय, असा डॉक्टरीण म्हणाली."

"पयल्यापासून?"

"होय."

त्या खाटेच्या कडेला टेकल्या. रडतील असं वाटलं, रडल्या नाहीत. पेला मांडीवर धरून त्यांनी मला विचारलं, "मगे आता मी तेका काय देवचा गो?"

एसटीत घासलेल्या वाक्यांपैकी एकही जवळ नव्हतं. "पाणी," मी म्हटलं. "नुसता पाणी."

त्यांनी पाणी आणलं. तो कॅप्सूल घेऊन शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, तोवर त्या समोर उभ्या राहिल्या, आपल्या हातचं पाणीसुद्धा त्याला बाधेल की काय अशा नजरेनं त्याच्याकडे बघत.