शालूबाईची राखुंडी

हट्टा गावात लग्न ठरलं की शालूबाईला आधी सांगावा जायचा. पंगतीची पितळी पातेली, पराती तिनंच घासायच्या, हे ठरलेलं. चिंच आणि राख घेऊन ती अशी भिडायची की काळंकुट्ट पातेलं आरशागत तोंड बघण्याजोगं होई. "नुसता हात फिरवून काय व्हतंय? जोर लागला पाह्यजे," असं ती म्हणायची. हे तत्त्वज्ञान भांड्यांपुरतंच राहिलं असतं तर किती बरं झालं असतं.

पण तिला कोमल नावाची एकुलती लेक होती, नवसानं झालेली. पोर दिसायला चारचौघींसारखी, तेव्हा निदान दात तरी उठून दिसावेत, ही आईची हौस. गोवरीची राख कपड्यातून गाळून, मीठ घालून शालूबाई घरीच राखुंडी करी. रोज सकाळी अंगणात लेकीची हनुवटी डाव्या मुठीत धरायची आणि उजव्या हाताच्या बोटानं दात घासायचे, आडवे, खसाखसा. हिरडीतून रक्त आलं तर म्हणायची, "वाईट रगत जाऊन राहिलं, जाऊ दे." पुढं शाळेतल्या बाईंनी ब्रश वापरायला सांगितला, तर हिनं बाजारातून निवडून सगळ्यात राठ ब्रश आणला. पेस्ट काही तिला पटली नाही. गोड फेसानं कुठं मळ निघतो? ब्रशवरही राखुंडीच आली.

दात चमकले, हे मात्र खरं. बाया विचारायच्या, "शालूबाई, कोमलचे दात काहून इतके पांढरे?" शालूबाईच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. पोर मोठी होऊन स्वतःच्या हातानं घासायला लागली, पण रीत आईचीच. लग्न होऊन ती कळमनुरीला गेली तेव्हा रुखवतात लाडू-चिवड्याशेजारी राखुंडीची बरणी होती. पाहुण्यांनी त्या बरणीचंही कौतुक केलं.

या उन्हाळ्यात कोमल माहेरी आली. माठातलं पाणी प्यायली आणि गाल धरून मटकन खाली बसली. कैरीची फोड तर तिनं ओठाला लावली नाही.

"दोन वरसं झाली, माय. गार सोसत न्हाई, ऊन सोसत न्हाई."

शालूबाईनं तिला दारातल्या उजेडात नेऊन आ करायला लावलं. पांढरे दात पिवळे पडले होते, हिरड्या वर सरकल्या होत्या, दातांच्या मुळाशी खाचा पडल्या होत्या. भांडं आतून फार घासलं की कल्हई उडते, हे शालूबाई पोराबाळांना शिकवायची. लेकीच्या तोंडात तेच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघी वसमतला दातांच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, "वरचं कवच झिजलंय. खाचा भरून देते, पण गेलेलं कवच परत येत नाही." मग त्यांनी विचारलं, "इतके रगडून कोणी घासले?"

शालूबाईच्या ओठाशी शब्द आला होता. त्याआधी कोमल म्हणाली, "मीच. मला लहानपणापासून सवय आहे."

तेव्हा आपण खरं सांगायला हवं होतं, ही सल शालूबाईला आजही आहे.

डॉक्टरीणबाईंनी प्लास्टिकचा जबडा घेऊन दाखवलं. मऊ ब्रश, पेस्ट वाटाण्याएवढी. ब्रश पेनासारखा धरायचा, हिरडीशी तिरका टेकवायचा, हलके छोटे गोल फिरवायचे. दोन मिनिटं, सकाळी आणि झोपताना. शालूबाई टक लावून बघत होती. इतक्या हलक्या हातानं तिनं जन्मात काही घासलं नव्हतं. शिकायला फार अवघडही नव्हतं, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

परतीच्या बसमध्ये तिनं विचारलं, "खोटं काहून बोललीस?"

कोमल खिडकीबाहेर बघत होती. "तुला लागलं असतं, माय."

शालूबाईनं पदर तोंडाला लावला. हनुवटी मुठीत धरून इतकी वर्षं दात घासले, पण लेकराला लागतंय का, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.