देशिकनचं गंध

कॉम्प्युटर जोडताना प्रोसेसरवर करडी पेस्ट लावतात, म्हणजे त्याची उष्णता पंख्याखालच्या धातूच्या ठोकळ्यात ओढली जाते. आमच्या रिची स्ट्रीटवर, कॉम्प्युटरच्या बाजारात, बाकीचे सगळे वाटाण्याएवढा ठिपका ठेवून मोकळे होतात. देशिकन मात्र स्वतःच्या कपाळावर आहे तसंच उभं गंध काढतो: दोन रेघा, खाली वाटोळ्या जोडलेल्या. शेजारच्या दुकानातला मणवाळनही वैष्णवच, पण दुसऱ्या पंथाचा. त्यांच्या गंधाला नाकावर उतरणारा पाय असतो, म्हणून तो प्रोसेसरवरही पाय काढतो. दोघांच्या आजोबांनी देवळातल्या हत्तीला कुठलं गंध लावायचं यावरून कोर्ट गाठलं होतं. नातवंडांकडे हत्ती नाही, एवढंच.

देशिकननं जोडलेला माझा कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी तापून बंद पडू लागला. मी तो रिक्षात घालून आणला आणि त्याच्या टेबलावर आदळला.

मणवाळन टपलेलाच होता. "मामी, गंधाला पायच नाही, तर उष्णता उतरणार कुठून?"

"तुझ्या पायानं पेस्ट बाहेर सांडते, ते पुस आधी!" देशिकन म्हणाला.

"मग लाव पैज. गंधामुळे तापत असेल, तर उद्या तुझ्या कपाळावर पाय काढायचा."

देशिकनचा चेहरा उतरला. तसलं कपाळ घेऊन गेला असता तर त्याच्या म्हाताऱ्या बापानं त्याला उंबरठ्याच्या आत घेतलं नसतं. तरी हा शहाणा म्हणाला, "लागली!"

त्यानं स्क्रू काढले. ठोकळा उचलला, तर त्याच्या तळाला पारदर्शक प्लास्टिक तसंच चिकटलेलं. बसवण्यापूर्वी काढा, असं त्यावर लाल अक्षरांत छापलेलंसुद्धा होतं!

"अरे, हे काढलंच नाहीस?" मणवाळन ओरडला. "तीस वर्षं काय झोपा काढल्यास?"

देशिकन फुलला. "प्लास्टिक! मामी, प्लास्टिक! गंधाचा काही दोष नाही, मीच गाढव!"

ते प्लास्टिक झेंड्यासारखं नाचवत तो गल्लीत पळाला. "अहो ऐका! मीच विसरलो! असा मूर्खपणा या गल्लीत आजवर कुणी केला नसेल!"

त्याच्या दुकानात थांबलेली दोन गिऱ्हाइकं आपापली खोकी उचलून मणवाळनकडे निघाली.

मी कपाळावर हात मारला. "देशिकन, अरे मेल्या, गिऱ्हाइकं चालली!"

"जाऊ द्या मामी," तो म्हणाला आणि त्यांच्या पाठीमागून ओरडला, "जा खुशाल! पण गंध बरोबर होतं, एवढं तिथं सांगा!"