आईने उतरवलेली कावीळ

माझ्या बाबांची अन्ननलिका मी आतून पाहिली आहे. असं किती मुली म्हणू शकतील! दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमच्या उमेळे गावात बागायती वाड्या जाऊन इमारती येत होत्या, आमची पानवेलीची वाडी तेवढी तग धरून होती. बाबांना घास अडकायचा. गावातल्या डॉक्टरांनी कॅन्सरची शंका बोलून दाखवली. आईला कळू द्यायचं नाही, असं बाबांनी आणि मी ठरवलं. तिला म्हटलं, पित्त आहे.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नवी दुर्बीण आली होती, टोकाशी सूक्ष्मदर्शक असलेली. शिरेतून पिवळं औषध सोडलं आणि पडद्यावर बाबांच्या पेशी उजळल्या. करड्या, एकमेकींना बिलगलेल्या, श्वासासरशी हलणाऱ्या. बाबा पान उन्हाला धरून रोग शोधायचे, तसे डॉक्टर निरखत होते. मी भान हरपून पाहत राहिले, भीतीसुद्धा विसरले.

“तुकडा तपासायला पाठवतोच,” डॉक्टर म्हणाले, “पण मला इथंच दिसतंय. कॅन्सर नाही. आम्लपित्तानं सूज आलीय.”

हुश्श! मला रडूच फुटलं.

संध्याकाळी घरी पोचलो, तर त्या औषधानं बाबा नखशिखांत पिवळे. कलत्या उन्हात हळद लागलेला नवरदेवच जणू! आई दारातूनच ओरडली, “अगो बाई, कावीळ!”

आई म्हणजे गावाची कावीळ उतरवणारी. रविवारी सकाळी आमच्या ओटीवर माणसं बसलेली असायची. “औषधाचा रंग आहे गं,” मी सांगतेय, पण ऐकते कुठली! परातीत चुन्याचं पाणी घेऊन तिनं बाबांचे हात चोळचोळून धुतले. बाबा डोळे मिटून हात पुढे करून बसले होते. मला हसू आवरेना. कॅन्सर नाही हे सांगावंसं वाटत होतं, पण शंकाच लपवलेली, ती फिटल्याचं कुठल्या तोंडानं सांगणार?

सकाळी रंग गेला. “उतरली बाई तुझी कावीळ!” मी चिडवलं.

आई हसली नाही. परात घासता घासता म्हणाली, “कालपासून देवाला एकच सांगते, कावीळच असू दे. तेवढीच मला उतरवता येते. तुमी दोघं लपवताय, ते कुठं उतरवता येतं मला?”

“नाही गं आई, तसलं काही नाही. डॉक्टरांनी कालच सांगितलं.”

तिनं परात खाली ठेवली आणि देवाकडे पाहून हात जोडले. एक अख्खी रात्र मी तिला उगीच त्या भीतीत ठेवलं होतं.