सुपातली मुलगी

वारसिनीने आपली मुलगी आठव्या दिवशी टाकून दिली. सासूने सुपात जुनं बाटिकचं कापड अंथरलं, बाळाला त्यावर ठेवलं आणि सूप घरामागे, केळीच्या बुंध्याशी केरकचरा साठतो तिथे नेऊन ठेवलं. दोघी मागे वळून न पाहता घरात आल्या. शेजारची कार्मी ठरल्याप्रमाणे कुंपणाआड खराटा घेऊन उभीच होती. सुपाभोवतीचा पाचोळा तिने झाडून बाजूला सारला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं बाई, कुणाचं पोर पडलंय हे? कुणाचंच नसेल तर मी नेते हो!"

घरातून कुणी ओ दिली नाही. द्यायची नसते. कार्मीने बाळ उचललं, आपल्या चुलीपाशी नेलं आणि थोड्या वेळाने पुढच्या दाराने परत आणून दिलं. "सापडलेली पोर आहे. माझीच आहे, पण सांभाळाल का?"

तेव्हापासून मुलीचं नाव तेमू, म्हणजे सापडलेली. जावा बेटावरच्या या जुविरिंग गावात या नावाला हाक मारली तर दोन-तीन म्हातारेही वळून बघतात.

मायलेकींचा जन्मवार एकच निघाला होता, म्हणून हे करावं लागलं. आठवड्याचा वार मंगळवार आणि पाच दिवसांच्या बाजाराचा वार क्लिवोन. आईचाही तोच, मुलीचाही तोच. असे दोन जीव आई-लेक म्हणून एका छपराखाली राहिले तर एक दुसऱ्याला जड जातो, म्हणतात. मूल टाकलं आणि दुसऱ्या कुणाला सापडलं की नशिबाची दिशाभूल होते. लोक हे थोडं हसत करतात, पण करतात. बहुतेक आया संध्याकाळपर्यंत विसरूनही जातात.

वारसिनी विसरली नाही.

ती दूरच्या गावातून लग्न होऊन आलेली. आई नाही, बहीण नाही. नवरा त्रियोनो जकार्ताच्या बाजूला इमारतींच्या कामावर, सणाला घरी. बाळ पहिले काही दिवस नीट पीत नव्हतं. सासू वागियेम सहज म्हणाली, "बघ, तुझं अंग तिला मानवत नाही." सासू बोलून मोकळी झाली. वारसिनीच्या मनात ते वाक्य बिऱ्हाड करून राहिलं. बाळाला ताप आला की तिला वाटे, माझ्यामुळे. बाळ रडलं की वाटे, माझ्या हातांमुळे. मग ती कुंपणाचं फाटक उघडून पोर कार्मीकडे देई. कार्मीला सगळी आळी बुदे म्हणते, मोठी मावशी म्हणावी तसं; आईला इथे बू म्हणतात. विधवा बाई, एकुलता मुलगा समुद्रापलीकडे लांपुंगला रबराच्या मळ्यात. तिला पोर हवंच होतं.

बुदेने न्हाऊ घातलं, बुदेने भरवलं, बुदेने वेण्या घातल्या. वारसिनी ओसरीवर बसून कागदी छत्र्यांच्या काड्यांवर कागद चिकटवी. हे तिच्या माहेरचं काम नव्हे, लग्नानंतर शिकलेलं. पण हात चांगला बसला. कुंपणापलीकडून मुलीचं हसू ऐकू आलं की ती कागदावरून ब्रश फिरवता फिरवता थांबे. कुणाला सांगितलं नाही, पण हायसं वाटे. पोर हसतंय, म्हणजे आपण लांब आहोत ते बरंच आहे.

तेमू बालवाडीत जायला लागली त्या वर्षी शहरातून एक मुलगी आयांची सभा घ्यायला आली. स्वतःचं मूल नसावं. तिने सगळ्यांना डोळे मिटायला लावले. मूल हट्ट करतं तेव्हा आधी सावकाश श्वास घ्या, मग आपल्याला काय होतंय ते बघा, मग मुलाला काय होतंय ते बघा, असं तिने समजावलं.

"माझा श्वास घेऊन होईपर्यंत माझं पोर विहिरीत," आळीतली स्रियाती म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या.

"तुझं पोर विहिरीत पडलं तर विहीरच ओरडेल," दुसरी म्हणाली.

घरी जाताना स्रियातीने वारसिनीला कोपराने ढोसलं. "तुझं काय बाई! तुझी रडली की तू कुंपणापलीकडे पाठवतेस. तुला श्वास घ्यायला वेळच वेळ."

सगळ्या हसल्या. वारसिनीही हसली.

त्याच सुमारास लांपुंगहून कार्मीच्या मुलाचा निरोप आला. आई, आता एकटी राहू नकोस, कायमची ये. कार्मीने चार दिवस कुणाला काही सांगितलं नाही. मग एका सकाळी कुंपणावर हात टेकून म्हणाली, "नडुक, पोरी, मी जाते. तेमूला नेते बरोबर. तिथे शाळा दाराशी आहे. तू सुट्टीत येत जा."

वाक्य इतकं सरळ आलं की वारसिनीला त्यात नाही म्हणायला जागाच सापडेना. सासू कोंबड्यांना दाणे टाकत होती. ती तिथूनच म्हणाली, "सापडली तिलाच होती."

तिने त्रियोनोला फोन लावला. मागे सिमेंट मिक्सरची घरघर चालली होती. "तू बघ," तो म्हणाला. "तुला झेपत असेल तर ठेव."

झेपतं, एवढा एक शब्द म्हणायचा होता. तो तिच्या तोंडून निघाला नाही. ती म्हणाली, "बघते विचार करून," आणि दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांनी त्याचा अर्थ हो असा धरला. बुदेने तेमूचे फ्रॉक आपल्या दोरीवर वाळत घातले, ते संध्याकाळी परत दिले नाहीत.

प्रवासाला चांगला दिवस बघायला कार्मी आणि सासू-सून पाक तुकिमानकडे गेल्या; पाक म्हणजे काका म्हणावं तसं. तो सायकली दुरुस्त करतो आणि वार-नक्षत्रंही बघतो. दोन्ही कामं त्याच बाकावर. त्याने हाताचं काळं पुसलं, चहा मागवला, तळलेल्या कसाव्याची, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाची, बशी पुढे सरकवली. बुदेचा जन्मवार विचारला, बोटांची पेरं मोजली.

"आणि पोरीचा?"

"मंगळवार क्लिवोन," सासू म्हणाली. "आईचाच. म्हणून तर टाकली होती."

"दिवसा की दिवेलागणीनंतर?"

सासू वारसिनीकडे बघू लागली. हा प्रश्न वारसिनीला आजवर कुणी विचारला नव्हता.

"दिवेलागणीनंतर," वारसिनी म्हणाली. "मशिदीतली बांग संपत आली होती. सुईण म्हणाली होती, बांग संपायच्या आत येते की काय. नाही आली. बांग संपली, मग आली."

पाक तुकिमानने हातातला कसाव्याचा तुकडा परत बशीत ठेवला. "मग मंगळवार कुठला? वार मावळतीला बदलतो. पोर बुधवारची, क्लिवोननंतरच्या लेगीची."

सासूने चहाचा पेला बाकावर ठेवला.

"सुईण म्हणाली मंगळवार," सासू म्हणाली. "मी मंगळवार धरला."

"सुईणीचा मंगळवार सरकारी. तो मध्यरात्री संपतो. आपला मावळतीला संपतो. वागियेम, हे तुला मी सांगायचं?"

"त्या दिवशी घरात काय गोंधळ होता तुला काय माहीत!" सासू तडकली. "पाणी तापवू की वार मोजू?" आणि वारसिनीकडे वळून, "तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही मावळती धरली असेल."

नवी सून सासूची मोजणी तपासत नाही. तिने तपासली नाही, एवढंच.

परतीचा अर्धा रस्ता संपला. मग कार्मीला हसू फुटलं. इतकं की तिला रस्त्याकडेच्या बांधावर बसावं लागलं. "म्हणजे मी उगाच उचलली! पाच वर्षं उगाच!" हसता हसता तिने डोळे पुसले, आणि पुसतच राहिली.

वारसिनी हसली नाही. "बुदे," ती म्हणाली, "आज तेमू माझ्याकडे जेवेल."

तिला वाटलं होतं, वार बदलला तशी संध्याकाळही बदलेल. तिने भात वाढला, पालकाचं पातळ सार, सोयाबीनचं तळलेलं तेम्पे. तेमूने एक घास तोंडात घेतला, थोडा वेळ धरला आणि ताटात टाकला. मग तेम्पेचा तुकडा भिरकावला. मग नेहमीचं सुरू झालं. "मला नको! बुदेकडे जायचंय! बुदेचं जेवण पाहिजे!"

मोजणी पोरीला कुणी सांगितली नव्हती.

वारसिनी उठली. तिचे पाय आपोआप मागच्या दाराकडे गेले, हात फाटकाच्या कडीवर पडला. पुढच्या महिन्यात या फाटकापलीकडे कुणी नसेल, हे तिला तिथे उभं असताना कळलं. आतापर्यंत नुसतंच माहीत होतं. ती परत आली आणि पोरीसमोर जमिनीवर बसली.

राग आला होता. तेमूचा नाही, हेही तिला बसल्यावरच कळलं. पडद्याआड सासू काय म्हणत असेल, याचा हिशोब तिच्या डोक्यात चालला होता. इतकी वर्षं पोर रडली की ती हाच हिशोब मांडत आली होती: हे कुणामुळे, आता काय होणार, लोक काय म्हणतील. पोरीच्या तोंडाकडे कधी नीट बघितलंच नव्हतं.

आता बघितलं. तेमू तोंड उघडं टाकून रडत होती. मध्येच जीभ खालच्या पुढच्या दाताकडे जाई, आणि ती गेली की रडणं क्षणभर अडे.

"दात हलतोय?"

"नाही!"

"दाखव."

"नाही दाखवणार!"

वारसिनीने हात मांडीवर ठेवला. जे आठवलं तेच तिने सांगितलं. "माझा पहिला दात मी गिळला होता. भाताबरोबर."

रडणं थांबलं. "मग?"

"मग काय. गेला पोटात."

"पोटात चावला?"

"नाही चावला."

तेमूने थोडा विचार केला. मग तोंड पुढे केलं. वारसिनीने बोट लावलं. दात डुगडुगत होता, हिरडी लाल झाली होती. बुदेच्या घरी संध्याकाळी मऊ खिमट असतं. इथे ती जेवायची असली की काहीतरी कुरकुरीत तळलेलं. पोरीला आवडतं म्हणून वारसिनी मुद्दाम करायची.

तिने भात सारात कुस्करला. तेमूने अर्धा खाल्ला. आणि मग, पाणी पिऊन झाल्यावर, पुन्हा रडायला लागली. या वेळी दात दुखत नव्हता. ताट आवडलं नव्हतं म्हणावं तर तेही नाही. का रडते, वारसिनीला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळ्या रडण्यामागे दात नसतो. ती तिथेच बसून राहिली. पोर कंटाळली, सरकत सरकत आली आणि तिच्या मांडीला पाठ लावून हुंदके देत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाटक उघडून गेली तेव्हा कार्मी टोपल्या बांधत होती.

"बुदे, तेमू येणार नाही."

कार्मीने दोरीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "वार बदलला म्हणून?"

"वार तोच असता तरी नसती पाठवली."

हे खरं होतं का, हे वारसिनीला बोलताना ठाऊक नव्हतं. बोलून झाल्यावर खरं वाटलं.

"कालपर्यंत तर पाठवत होतीस."

"हो."

"आणि संध्याकाळी थैमान घालेल तेव्हा?"

"कालही घातलं."

कार्मी टोपलीवर बसली. "माझ्याकडेही घालते," ती म्हणाली. "तुला काय वाटलं, माझ्याकडे देवासारखी बसते? भोकाड पसरते. बू पाहिजे, बू पाहिजे करते. मी शेंगा सोलत बसते. शेंगा संपेपर्यंत ती दमते."

"माझं नाव घेते?"

"आईचं नाही तर कुणाचं घेणार? माझं?"

"मला कधी बोलली नाहीस, बुदे."

"तू विचारलंस कधी? पोर ठेवायचीस आणि चोरासारखी पळायचीस." कार्मीने दोरीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "आणि सांगितलं असतं तर तू पाठवली नसतीस."

वारसिनीने दुसरी दोरी ओढून घेतली. ती खाली बसली आणि दुसरी टोपली बांधायला लागली.

कार्मी गेली ती गुरुवारी. देलांगूच्या मोठ्या रस्त्यावर लांबच्या गाड्या थांबतात, तिथे अर्धी आळी पोचवायला आली होती. तेमूला सगळं सांगितलं होतं, आणि तिने मान डोलावली होती. पण गाडीचं दार लागलं आणि काचेआड बुदेचा हात हलला, तेव्हा तिने असा टाहो फोडला की चहावाला गाळणी धरून बाहेर आला. ती गाडीमागे धावली. वारसिनीने धावत जाऊन तिला उचललं. तेमूने आईच्या छातीवर मुठी मारल्या, मान मागे टाकली, लाथा झाडल्या.

"खाऊ दे काहीतरी," स्रियाती म्हणाली.

"फुगा घे, तिकडे आहे बघ फुगेवाला," आणखी कुणीतरी म्हणालं.

सासू जवळ आली. लोक बघत होते. "अगं, गप्प कर तिला," ती हळूच म्हणाली.

पोर वजनदार झाली होती. वारसिनीने तिला दुसऱ्या कमरेवर घेतलं.

"रडू दे, बू," ती सासूला म्हणाली. "तिची बुदे गेलीय."

आणि रडणाऱ्या मुलीला घेऊन ती शेताकडेच्या रस्त्याने घराकडे चालू लागली.