मर्ज, अलर्ट आणि टीव्हीतले डॉक्टर

दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाकडे तक्रारी येतात म्हणतात. माझ्याकडे तक्रारींपेक्षा किस्सेच जास्त साठले. नागपूरच्या एका दवाखान्यात मी आयटी बघते. घरी एखादा किस्सा सांगितला, की नवरा विचारतो, "तो दवाखाना आहे की काय?" दवाखानाच आहे. आणि लई चांगला आहे.

*

कागदी फाइली बंद झाल्या तेव्हा प्रत्येक सिस्टरला स्वतःचा पासवर्ड दिला. कोणालाही सांगायचा नाही, टेबलावर चिकटवायचा नाही, हे मी पुन्हा पुन्हा बजावलं. दुसऱ्याच दिवशी वॉर्डच्या इन्चार्ज वाघमारे सिस्टरचं लॉगिन अडलं. मी गेले आणि म्हटलं, पासवर्ड सांगा, मी टाकून बघते.

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "काल तूच म्हणे, कोणालेच सांगायचा नाही. आज काहून विचारून राहिली वं?"

तेव्हापासून नव्या सिस्टरना पासवर्डचं ट्रेनिंग त्याच देतात.

*

कामठीच्या एका विणकर चाचांची नोंद चुकून दोनदा झाली होती. एकीत शुगर लिहिलेली, दुसरीत बीपी. अशा दोन नोंदी जोडून एक करणं, याला आमच्याकडे 'मर्ज' म्हणतात. काउंटरवरच्या पोरीनं ते काम केलं आणि आनंदानं सांगितलं, "चाचा, तुमचा मर्ज झाला."

हिंदीत मर्ज म्हणजे आजार. चाचा मटकन खुर्चीत बसले. शुगर आहे, बीपी आहे, आता हा तिसरा कोणता, असं ते बायकोला विचारू लागले.

त्यांना चहा पाजून समजावलं. आता काउंटरवर सगळे 'दोन्ही नोंदी एक केल्या' असंच म्हणतात.

*

आमच्या डॉक्टर देशकरांना अलर्टचा भारी राग. औषध लिहिताना स्क्रीनवर लाल चौकट आली, की म्हणायचे, "तुझं मशीन पेशंटच्या मेहुण्यासारखं मधे मधे बोलतं."

एकदा रामटेकची एक बाई आली. न्यूमोनिया, धाप इतकी की बोलता येईना. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहिलं आणि लाल चौकट आली: या औषधाची ॲलर्जी आहे. सोबतच्या मुलीला काहीच ठाऊक नव्हतं. जुन्या फाइलीतली ती ओळ आमच्याच माणसांनी कॉम्प्युटरमध्ये भरली होती. डॉक्टर थांबले, औषध बदललं. बाई बरी होऊन चालत घरी गेली.

त्या दिवशी देशकरांनी मला बोलावून चहा मागवला. म्हणाले, "एक कप मेहुण्यालाही दे."

*

भिवापूरकडच्या एका गावात आमची टेलिमेडिसिनची सोय आहे. तिथे सिस्टर आणि कॉम्प्युटर, इकडे स्क्रीनसमोर देशकर. एका दुपारी डोमाजी नावाचे शेतकरी छातीत कळ घेऊन तिथे आले. ईसीजी आमच्या स्क्रीनवर उमटला. हार्ट अटॅक होता. देशकरांनी सिस्टरला गोळ्या सांगितल्या, ॲम्ब्युलन्स मागवली आणि ती येईपर्यंत जागचे हलले नाहीत. डोमाजींशी मिरचीच्या पिकाबद्दल बोलत राहिले. मी मागे उभी राहून नेट तुटू नये म्हणून देव आठवत होते.

पुढचे उपचार हृदयाच्या दुसऱ्या दवाखान्यात झाले. डोमाजी वाचले.

काही महिन्यांनी ते आमच्याकडे आले. हातात वाळलेल्या मिरच्यांची थैली. टीव्हीतल्या डॉक्टरला भेटायचं म्हणाले. देशकर स्वतः ओपीडीतून बाहेर आले आणि तो डॉक्टर मीच, असं त्यांनी सांगितलं. डोमाजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नाही जी. ते वेगळे होते."

देशकर शेजारच्या खोलीत गेले. तिथला कॅमेरा त्यांनी सुरू केला. मी डोमाजींना इकडे स्क्रीनसमोर बसवलं. चेहरा उमटला. "काय डोमाजी, तब्येत कशी आहे?"

डोमाजींचे डोळे भरून आले. त्यांनी स्क्रीनला हात जोडले. मग उठले आणि थैली माझ्या हातात दिली.

"हे साहेबाले पोचवून द्या. अन् थोडी त्या बाहेरच्या डॉक्टरलेही देजा. भला माणूस दिसला."